उत्तर यंत्राचे, परीक्षा कोणाची?

एप्रिल २०२२ मध्ये आपल्या उदगीर नगरीत ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. श्री. भारत सासणे अध्यक्षस्थानी होते. मांडवात, ग्रंथप्रदर्शनात, एवढेच काय पण चहाच्या टपरीवरसुद्धा मराठीच्या भवितव्याची चर्चा चालू होती. आपली भाषा टिकेल काय, ज्ञानभाषा होईल काय, असे नेहमीचे प्रश्न नेहमीच्याच तळमळीने विचारले गेले. त्यानंतर सातच महिन्यांनी, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतील एका कंपनीने चॅटजीपीटी नावाचे यंत्र जगाला खुले केले. पुढे तशी आणखी यंत्रे आली. आज मराठीत प्रश्न विचारावा आणि क्षणात मराठीतच उत्तर मिळावे, अशी सोय प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये झाली आहे. संमेलनाच्या मांडवात कोणाच्या ध्यानीमनीही नसलेला एक प्रश्न त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये येऊन बसला आहे. विद्यार्थ्याने आणून दिलेला स्वाध्याय त्याने लिहिला की यंत्राने? आणि यंत्राने लिहिला असेल, तर मी गुण देतो आहे ते कोणाला?

मी १९९६ सालापासून मराठी शिकवितो. निवृत्तीस आता थोडाच अवधी उरला आहे. या वयात नव्या यंत्राला शिव्या देणे सोपे असते आणि ते शोभूनही दिसते. पण तसे करण्याचा मला अधिकार नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. का, तेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्याच घरातील केर काढू. यंत्र येण्यापूर्वी आमचे विद्यार्थी स्वतः विचार करून स्वतःच्या शब्दांत उत्तरे लिहीत होते काय? आम्ही वर्गात टिपणे सांगत होतो, ती मुले उतरून घेत होती, आणि परीक्षेत तीच टिपणे आमच्याकडे परत येत होती. ज्यांना वर्गात येणे जमत नसे ते बाजारातून गाईड आणीत. 'हमखास येणारे' पंधरा-वीस प्रश्न पाठ केले की पदवी पदरात पडत असे. ज्यांना पाठांतरही नको होते त्यांची कॉपी होती. आपल्या भागात कॉपीचे पीक किती माजले होते, हे मी सांगावयास नको. २०१० च्या सुमारास नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी श्री. श्रीकर परदेशी यांनी शालान्त परीक्षांसाठी कॉपीमुक्तीचे अभियान चालविले, ते काही हौस म्हणून नव्हे. तेव्हा गाईडचे उत्तर विद्यार्थ्याचे मानून आम्ही गुण देत होतो, आणि आज यंत्राचे उत्तर पाहून आम्हाला एकाएकी नीतिमत्तेचा पुळका आला आहे! फरक एवढाच की गाईडला पैसे पडत होते आणि ते सर्वांचे एकसारखे असल्यामुळे ओळखू येत होते. यंत्राचे उत्तर बहुधा फुकट मिळते आणि प्रत्येकाचे थोडे वेगळे असते. आम्ही पूर्वीपासून कागदाची परीक्षा घेत आलो, माणसाची नाही. यंत्राने आमचे हे बिंग फोडले, एवढाच त्याचा अपराध.

हे यंत्र करते तरी काय, हेही थोडक्यात समजून घेतले पाहिजे. माणसांनी लिहिलेल्या मजकुराचे डोंगर त्याला वाचावयास दिलेले असतात. कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे अफाट गणित ते त्यावरून शिकते आणि शब्दाला शब्द जोडीत जाते. त्यामुळे ज्या विषयावर पुष्कळ लिहिले गेले आहे त्या विषयावर ते बरे बोलते. ज्यावर थोडे लिहिले गेले आहे तेथे त्याच थाटात थापाही मारते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील काही वकिलांनी या यंत्राच्या भरवशावर न्यायालयात खटल्यांचे दाखले दिले. ते खटले कधी झालेच नव्हते! न्यायाधीशांनी त्यांना ५००० डॉलर दंड ठोठावला. मीही एकदा आमच्या भागातील बोलीविषयी संदर्भग्रंथ विचारले. यंत्राने पाच ग्रंथांची नावे लेखक व वर्षासह दिली. त्यांपैकी तीन ग्रंथ मला कोठेही सापडले नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आपल्या तालुक्याविषयी आपणच लिहून ठेवले नाही, तर यंत्राने ते आणावे कोठून?

आता मी माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. ती सांगताना मला संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वी द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा निबंध माझ्या हाती आला. भाषा निर्दोष, वाक्ये रेखीव, एकही शब्द बोलीतला नाही. आमच्या वर्गातील मुलांच्या लेखनात 'नाई', 'हाय', 'म्हनून' हटकून सापडतात. येथे काहीच नाही. मला संशय आला. लेखन यंत्राचे की माणसाचे हे सांगणारी काही साधने आता निघाली आहेत. त्यांपैकी एकात मी तो मजकूर घातला. बहुतांश लेखन यंत्राचे आहे, असा निकाल मिळाला. दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी तो निबंध वर धरला आणि विचारले, "हे कोणाचे?" मुले हसली. ती मुलगी उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंतर आठ-दहा दिवस महाविद्यालयात आलीच नाही.

आमच्या ग्रंथपालांनी मला एके दिवशी सहज विचारले, "सर, ती कर्नाटकाच्या हद्दीकडची मुलगी दिसत नाही अलीकडे?" मी चमकलो. ती मुलगी गावाकडची बस येईपर्यंत रोज दुपारी ग्रंथालयात बसत असे. तेथील जुनी नियतकालिके, आपल्याच महाविद्यालयाचे जुने वार्षिकांक वाचीत असे आणि आवडलेली वाक्ये एका वहीत उतरून घेत असे. ती वही ग्रंथपालांनी पाहिली होती. मी तिला निरोप पाठविला. ती आली, वही घेऊन आली. त्या निबंधाचा कच्चा खर्डा तीन वेळा खोडून लिहिलेला त्यात होता. मी विचारले, "त्याच दिवशी का सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "सर, आमच्या घरात कुणी मराठी बोलत नाही, कन्नडच बोलतात. पुस्तकात जशी असते तशीच मराठी मला येते."

या उत्तरापुढे मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर मी तिची क्षमा मागितली. तिने मान खाली घातली होती. मुले या वेळी हसली नाहीत.

पुढे माझ्या वाचनात आले की हा प्रकार जगभर घडत आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासून पाहिली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांपुढे ठेवले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरविण्यात आले! उलट अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सर्व माणसाचे ठरले. ज्याने भाषा कष्टाने, नियमाने, पुस्तकातून मिळविली तोच चोर ठरतो. ज्या कंपनीने चॅटजीपीटी काढले, तिनेही स्वतःचे असे ओळखयंत्र पुरेसे अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. ज्यांनी यंत्र घडविले त्यांना ओळखता येत नाही, आणि आम्ही उदगीरच्या एका मुलीला भर वर्गात उभे केले. दुखणे म्हशीला आणि डाग पखालीला, ते हेच.

याच वर्गात एक मुलगा होता. त्याच्याविषयी मला कधीच संशय आला नाही, कारण त्याच्या स्वाध्यायात भरपूर चुका होत्या. या प्रसंगानंतर मी ठरविले की प्रत्येकाशी त्याच्या स्वाध्यायावर पाच-सहा मिनिटे बोलावयाचे. विषय होता 'आपल्या परिसरातील एखाद्या व्यवसायातील शब्द'. या मुलाने जनावरांच्या बाजारावर लिहिले होते. पाच पाने मजकूर. पण त्यात बाजार कोठेच नव्हता. 'ग्रामीण अर्थव्यवस्थेत पशुधनाचे अनन्यसाधारण महत्त्व आहे' अशा थाटाची वाक्ये होती. मी वही मिटली आणि विचारले, "हाळी-हंडरगुळीच्या बाजाराला कधी गेला आहेस?" तो हसला. त्याचे वडील त्याच बाजारात दलाली करतात. मग तो जो बोलू लागला! देवणी जनावर कसे पारखावे. पांढऱ्या अंगाचे आणि तोंडाच्या बाजू काळ्या असलेले ते वानेरा, अंगभर काळे ठिपके उधळलेले ते शेवेरा, तिसरे बालंक्या. दात पाहून वय कसे सांगावे. रुमालाखाली बोटे धरून भाव कसा करावा, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. मी थक्क होऊन ऐकत राहिलो. शेवटी विचारले, "अरे, मग हे सारे लिहिले का नाहीस?" तो म्हणाला, "सर, हे काय लिव्हायचं असतंय व्हय? हे तर आमचंच हाय." पाच पाने यंत्राची होती, चुका मात्र त्याने स्वतः घातल्या होत्या, खरे वाटावे म्हणून!

विद्यार्थी मित्रांनो, या एका वाक्यात आपल्या साऱ्या शिक्षणाची व्यथा आहे. 'आमचे' आहे ते लिहिण्यायोग्य नाही आणि लिहिण्यायोग्य आहे ते आमचे नाही, असे या मुलाला कोणी शिकविले? यंत्राने नाही. ते आम्ही शिकविले. 'हाय' खाली लाल रेघ ओढून, टिपणातील वाक्य जसेच्या तसे आल्यावर 'छान' असा शेरा मारून आम्ही ते शिकविले. यंत्राने तेच गुळगुळीत, कोणाचेही नसलेले मराठी फुकट वाटावयास आरंभ केला, तेव्हा मुलांनी ते घेतले यात नवल ते काय?

या भूमीला ही व्यथा नवी नाही. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून देण्याचा तो मोठा धाडसी प्रयोग होता. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि निजामी राज्यातील मराठी, तेलुगू, कन्नड घरांतील मुलांना ती शिकूनच पुढे जावे लागे. परक्या भाषेत परीक्षा असली की समजून घेण्याआधी पाठ करण्याची सवय लागते. १९४८ मध्ये हैदराबाद मुक्त झाले, १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ आले, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने आपल्या लातूर-नांदेड भागासाठी विद्यापीठ झाले. भाषा आपली झाली, विद्यापीठही जवळ आले. पण पाठांतराची सवय मात्र गेली नाही. तिने आता यंत्राचे रूप घेतले आहे, इतकेच.

मग करावे काय? यंत्रावर बंदी घालावी, असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. नव्वद मुलांच्या वर्गात तीच शंका तिसऱ्यांदा विचारण्याचे धाडस तांड्यावरून आलेल्या मुलाला होत नाही. रात्री घरी बसून तो यंत्राला ती दहा वेळा विचारू शकतो. यंत्र चिडत नाही आणि हसतही नाही. ज्याला शिकवणीचे पैसे परवडत नाहीत त्याच्या हातून हे साधन काढून घेणे अन्यायाचे होईल. शिवाय आमच्यातील काही अध्यापक स्वतः प्रश्नपत्रिका आणि टिपणे यंत्राकडून करून घेतात. स्वतः करावयाचे आणि मुलांना बंदी करावयाची, हे कसे शोभेल?

माझी सूचना अगदी साधी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प आणि स्वाध्याय यांना महत्त्व आले आहे. या गुणांपैकी निम्मे तरी तोंडी बोलण्याला असावेत. विद्यार्थ्याने यंत्र खुशाल वापरावे. पण त्याला काय विचारले, त्याने काय सांगितले आणि त्यात चुकीचे काय निघाले, हे एका पानात लिहावे. मग अध्यापकासमोर बसून वही मिटून सहा मिनिटे त्या विषयावर बोलावे. स्वाध्यायाचे विषयही असे द्यावेत की ज्यासाठी कोणाला तरी जाऊन भेटावे लागेल, काही तरी डोळ्यांनी पाहावे लागेल.

यावर दोन आक्षेप आहेत आणि दोन्ही खरे आहेत. पहिला वेळेचा. नव्वद विद्यार्थी, प्रत्येकी सहा मिनिटे, म्हणजे ५४० मिनिटे. ४५ मिनिटांच्या बारा तासिका झाल्या. एका विषयाला, एका सत्रात. जेथे जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक सकाळी एका व दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात धावत असतो, तेथे हे कसे जमावे? जमणार नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे की यंत्र आल्यामुळे अध्यापकांची गरज कमी झाली नसून वाढली आहे. पूर्वी गठ्ठा घरी नेऊन तपासता येत होता. आता माणूस समोर बसवावा लागेल. हा हिशेब शासनापुढे आणि विद्यापीठापुढे मांडला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसते. परीक्षकाला जात कळत नाही, गाव कळत नाही, मुलगा की मुलगी ते कळत नाही. झाकलेल्या बैठक क्रमांकाने आमच्या भागातील कितीतरी गरीब, दलित, भटक्या समाजातील मुलांना न्याय दिला आहे. तोंडी परीक्षेत तोंड दिसते, आडनाव ठाऊक असते. बुजरी मुले गप्प बसतात. हे मला मान्य आहे. भर वर्गात उभी केलेली ती मुलगीही गप्पच राहिली होती. म्हणून सत्रान्त लेखी परीक्षा आहे तशीच, हातात लेखणी देऊन, पर्यवेक्षकासमोर आणि झाकलेल्या क्रमांकाने व्हावी. तोंडी परीक्षेस दोन अध्यापक असावेत, गुण कशाला किती हे आधी सांगावे, आणि विद्यार्थ्याला आपल्या बोलीत बोलण्याची मुभा असावी.

आणखी एक लोभ आहे, त्यापासून सावध राहावे. उत्तरपत्रिकाही यंत्राकडूनच तपासून घ्याव्यात, अशी कल्पना आता निघाली आहे. २०१७ साल आठवावे. मुंबई विद्यापीठाने घाईघाईने संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत आणली. तपासणारी माणसेच होती. यंत्र केवळ पाने दाखवीत होते. तरीही लक्षावधी उत्तरपत्रिकांचा घोळ झाला, निकाल कित्येक महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींना कुलगुरूंस पदावरून दूर करावे लागले. पाने दाखविणाऱ्या यंत्राने जर एवढा गोंधळ झाला, तर गुण देणाऱ्या यंत्राने किती होईल? यंत्राने लिहावे, यंत्राने तपासावे आणि विद्यार्थ्याने व अध्यापकाने खाली सह्या कराव्यात, अशी वेळ आली तर महाविद्यालय हवे कशाला?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु भाषेचा दर्जा वाढला म्हणून ती बोलणाऱ्या माणसाचा दर्जा आपोआप वाढत नाही. कन्नड घरातून येऊन मराठीचे एकेक वाक्य वहीत उतरून घेणाऱ्या मुलीला आम्ही चोर म्हटले, आणि वानेरा-शेवेराचे ज्ञान असलेल्या मुलाला ते लिहिण्यायोग्य वाटले नाही. या दोघांना वर्गात मानाने बसता येईल, अशी परीक्षा आम्ही घडवू शकलो, तर यंत्राची भीती बाळगण्याचे कारण नाही.

त्या मुलाने पुढे जनावरांच्या बाजारातील शब्दांची यादी केली. वडिलांना विचारून, दोन रविवार खर्ची घालून त्याने ११४ शब्द जमविले. त्यातील कित्येक मला ठाऊक नव्हते. यादी शुद्ध करून देण्यास त्या कन्नड घरातील मुलीने त्याला मदत केली. अर्थ सांगणारा तो, लिहिणारी ती. मी दोघांना गुण दिले. ते देताना मला एकदाही शंका आली नाही की हे कोणाचे.